शुक्रवारचा शेवटचा तास

चूक दाखवली की माणसाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, यावरून मी माणसं ओळखते. आमच्या कचेरीतले मेहुणे म्हणतात, "माझ्याकडे तर चालतंय." सर म्हणतात, "असं होणंच शक्य नाही." वहिनी काही बोलत नाहीत, चष्मा लावतात. आणि टापटीप म्हणतो, "सॉरी." चूक कुणाची का असेना.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालवून पाहायचा, तो कुठे फसतो ते हुडकायचं आणि ज्याचं माप त्याच्या पदरात घालायचं, हे माझं काम. बारा वर्षांत माझ्या वहीत चार हजार एकशे सहा चुका जमा झाल्यात, माणसागणिक आणि तारखेसकट. म्हणून मला पाठीमागे चित्रगुप्त म्हणतात. समोर ताई.

आम्ही शाळांचं वेळापत्रक लावणारा प्रोग्रॅम करतो. वर्ग किती, शिक्षक किती, कोण काय शिकवतं, एवढं भरलं की आठवड्याचे सगळे तास मांडून मिळतात. ऐकायला सोपं वाटतं. पण एका माणसाला एका वेळी दोन वर्गांत बसवायचं नाही आणि दोन भांडलेल्या शिक्षिकांना एकापाठोपाठ एकाच वर्गात पाठवायचं नाही, हे संगणकाच्या गळी उतरवताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो.

चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला आमच्या अडीच खोल्या. मालकांना आम्ही सर म्हणतो, कारण ते पूर्वी खरोखरच गणिताचे सर होते. अजूनही उभं राहूनच बोलतात आणि वाक्याचा शेवटचा शब्द समोरच्याने भरावा म्हणून थांबतात. वहिनी म्हणजे त्यांची बायको, त्याच शाळेत संगणक शिकवायच्या. आता प्रत्येकाचं काम त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय प्रोग्रॅममध्ये शिरत नाही. मेहुणे म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी 'दोन महिने मदतीला' म्हणून आले.

आणि आप्पा. वहिनींचे वडील. त्याच शाळेत क्रीडाशिक्षक होते, आता निवृत्त. घरी एकट्याला करमत नाही म्हणून अकराच्या ठोक्याला येतात, दारापाशी कोट टांगायच्या खुंटीखालच्या खुर्चीवर बसून पेपर वाचतात. शिट्टी अजून खिशात असते. आमची चहाची सुट्टी दहा मिनिटांवर गेली की ती हळूच वाजते.

टापटीपचं खरं नाव वेगळं आहे, पण पहिल्याच दिवशी त्याने स्वयंपाकखोलीतले चमचे लांबीप्रमाणे लावले आणि बारसं झालं. पोरगा गुणी. सहा महिने कच्च्या नोकरीवर होता, त्या शुक्रवारी पक्का व्हायचा होता. आमच्याकडे पक्क्या माणसाच्या कपासाठी चहाच्या ओट्यावर एक हूक असतो, वर नावाची चिठ्ठी. टापटीप पाहुण्यांच्या कानतुटक्या कपातून प्यायचा. "घरचा कप आण की," मी म्हटलं होतं. "पक्का झाल्यावर, ताई," म्हणाला. त्याच्या आईने मात्र तेवढी कळ काढली नव्हती. मुलगा चिकटला म्हणून तिने अख्ख्या नात्यागोत्यात सांगून टाकलं होतं, आणि आधीच्या दोन नोकऱ्या कच्च्यातच सुटल्या होत्या हे त्या नात्यागोत्याला चांगलं ठाऊक होतं.

आता गिटबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथे घडलं.

गिट म्हणजे प्रोग्रॅमची वही. एक ओळ बदलली तरी तिच्यात नोंद होते. कुणी बदलली, केव्हा बदलली आणि बदलणाऱ्याने कारण काय लिहिलं. खोडायला मनाई नाही, पण खोडल्याचीही नोंद राहते. घरोघरी अशी वही असती तर निम्मी लग्नं मोडली असती आणि उरलेल्या निम्म्यांत कुणी बोललं नसतं.

कारणाच्या बाबतीत सर फार कडक. भिंतीवर त्यांच्या अक्षरात कागद लावलाय: 'काय केलं ते दिसतं. का केलं ते लिहा.' नुसतं 'बदल' असं लिहिणाऱ्याला ते सगळ्यांसमोर उभं करतात.

या वहीत एक सोय आहे. कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारायचं, ही कुणाची? वही नाव सांगते. त्या आज्ञेचं नावच ब्लेम. ज्याने ठेवलं त्याने कचेरीत नोकरी केलेली असणार. पण तिच्यात एक मेख आहे. वही नाव सांगते ते शेवटचा हात लावणाऱ्याचं.

तर तीन आठवड्यांपूर्वी टापटीपने सगळ्याला हात लावला. प्रोग्रॅममध्ये कुणाच्या ओळी दोन जागा सोडून सुरू व्हायच्या, कुणाच्या चार, मेहुण्यांच्या मनाला येईल तिथून. त्याला ते बघवेना. त्याने फॉरमॅटर नावाचं अवजार फिरवलं आणि एका दुपारी एक्केचाळीस हजार दोनशे सोळा ओळी पोलीस कवायतीसारख्या रांगेत उभ्या केल्या. नोंदीत कारण लिहिलं: 'डोळ्यांना त्रास होत होता.' एकाही ओळीचा अर्थ बदलला नाही, मी तपासलं. पण वहीच्या लेखी आता सगळा प्रोग्रॅम टापटीपचा.

"अरे," मी त्याला म्हटलं, "दुसऱ्याच्या घरात झाडू हातात घेऊ नये. कचरा आपल्या नावावर लागतो."

"सॉरी ताई," तो म्हणाला, आणि माझ्या टेबलावरचा स्टेपलर सरळ केला.

सोमवारी सकाळी फोन आला. आमच्या सगळ्यात मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सरांनी स्पीकर लावला, कारण त्यांना वाटलं कौतुक आहे.

"तुमच्या वेळापत्रकाने शुक्रवारी शेवटच्या तासाला माझे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वर्ग मैदानावर पाठवले," बाई म्हणाल्या. "एका क्रीडाशिक्षकाबरोबर."

"असं होणंच शक्य नाही," सर म्हणाले.

"अकराशे मुलं, एक मास्तर आणि दोन चेंडू. तो मास्तर आज रजेवर आहे. आवाज बसलाय त्याचा. नऊ बूट सापडलेत, नऊही डाव्या पायाचे. एक मुलगा दुसऱ्याच्याच स्वेटरमध्ये घरी गेला आणि त्याच्या आईला ते रविवारी कळलं."

"आणि बाकीचे शिक्षक?" सरांनी विचारलं.

"शिक्षकखोलीत. चाळीस जण. मी विचारलं, बाहेर का नाही आलात? म्हणाले, वेळापत्रकात नव्हतं."

मग बाईंनी आवाज खाली आणला, आणि तो जास्त वाईट होता. पुढच्या शुक्रवारच्या आत हे नीट करा आणि कसं झालं ते लेखी कळवा. नाहीतर शाळा दुसरा प्रोग्रॅम घेईल.

मेहुण्यांनी अर्ध्या तासात ओळ शोधून काढली. सुट्टीच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासाला, शाळेत क्रीडाशिक्षक एकच असेल तर सगळे वर्ग त्याच्याकडे, असं ती ओळ स्वच्छ सांगत होती. त्या शाळेत एरवी दोन क्रीडाशिक्षक. त्यांतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, कारकुनाने दोनाचा एक केला आणि झोपलेली ओळ जागी झाली.

सरांनी ओळीवर बोट ठेवलं आणि वहीला विचारलं, कुणाची?

नाव आलं टापटीपचं.

"सॉरी," टापटीप म्हणाला. बोलू नये तिथे नेमकं बोलला.

"सर, त्याने फक्त जागा..." मी सुरुवात केली.

"ताई, गेले तीन आठवडे मला हे एकच नाव सगळीकडे दिसतंय. शनिवारी छपाईची चूक पाहिली, टापटीप. त्याआधी रजेच्या दिवसांची, टापटीप." सर उभेच होते, आता चवड्यांवर उभे राहिले. "गुरुवारी चार वाजता सगळे बसू. मला या ओळीचा धनी हवाय. पुराव्यानिशी. ज्याचं नाव निघेल त्याची खुर्ची शुक्रवारी..." ते थांबले.

मेहुणे खिडकीकडे पाहू लागले.

"रिकामी," दारातून आप्पांनी भरला. त्यांना वाटलं कोडं आहे.

त्या दिवशी टापटीपने दुपारी स्वतःचा ड्रॉवर आवरला. त्यात होतं काय? एक पेन आणि एक रुमाल. पण आवरला. मेहुणे त्याच्या टेबलावर बूड टेकून समजूत घालत होते. "मनाला लावून घेऊ नकोस. भावोजी तोंडाने फटकळ, पण मनाने..." इथे त्यांनी जरा विचार केला. "मनानेही फटकळच आहेत. तू दुसरी नोकरी बघ."

माझा स्वभाव दयाळू नाही. पण माझ्या वहीत टापटीपच्या खात्यावर सहा महिन्यांत फक्त अकरा चुका होत्या, आणि मेहुण्यांच्या खात्यावर त्याच मुदतीत एकशे सत्तावीस. खातं चुकीच्या माणसाच्या नावे फिरलेलं मला पाहवत नाही, जसं त्याला वाकडा चमचा पाहवत नाही. शिवाय माझंही एक देणं होतं. बारा वर्षं मी प्रोग्रॅम तपासते तो एकाच नमुना शाळेवर, पाच वर्गांच्या. पाच वर्ग एका मास्तराबरोबर मैदानावर गेलेले मी शेकडो वेळा पाहिले असतील. वाटायचं, खेळाचा तास असेल.

मंगळवारी आणि बुधवारी मी वही उलटी वाचत गेले. गिटला सांगता येतं की मोकळ्या जागांचा फरक धरू नकोस, त्याच्या मागचा सांग. मग मागचा सापडतो. तोही नुसता हात लावणारा निघाला तर त्याच्या मागचा. कांदा सोलावा तसं. आणि बुधवारी संध्याकाळी पाचला मी गाभ्याशी पोचले.

वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून दाराकडे पाहिलं, आप्पा पेपरात होते. कागदावर छापून घेतलं आणि वहिनींच्या खोलीत जाऊन दार लोटलं.

वहिनींनी चष्मा लावला. कागद वाचला. गालावर किंचित रंग आला असेल, पण तो दिव्याचाही असू शकतो. मी खात्री नसलेली गोष्ट लिहीत नाही.

"सरांना दाखवलंत?"

"नाही. म्हटलं आधी तुम्ही बघा. हवं तर मी उद्या सांगते की सापडलं नाही."

"मग त्या पोराचं काय?"

"त्याचीच खुर्ची जाईल."

वहिनींनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. बाहेर शिट्टी वाजली, मेहुण्यांचा चहा लांबला होता.

"वाचू द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या. "मोठ्याने वाचायची सवय आहेच."

गुरुवारी चारला मोठ्या खोलीत आम्ही पाच जण. आप्पाही आले, कारण दाराशी पंखा बंद पडला होता. त्यांनी कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि चहाचा कप मांडीवर घेतला. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. पंखा मी बंद पाडला नव्हता.

सरांनी भिंतीवर पडदा लावला होता. फळा नाही म्हणून, नाहीतर खडूही घेतला असता.

"तर ही ओळ. नाव कुणाचं?"

"माझं, सर," टापटीप म्हणाला. त्याचा शर्ट इस्त्रीचा होता आणि ओठ पांढरे.

"त्याच्या मागचं बघा सर," मी म्हटलं. "मोकळ्या जागा सोडून."

"मागचं काय बघायचं?"

"पुराव्यानिशी म्हणालात."

सरांनी बघितलं. पडद्यावर सहा वर्षांपूर्वीची तारीख आली आणि नाव मेहुण्यांचं. मेहुणे तोवर टापटीपकडे बघून वडीलधाऱ्यासारखी मान हलवत होते, ती जागीच थांबली.

"माझ्याकडे तर चालत होतं!"

"कारण," सर वाचू लागले, "'फाईल फार मोठी झाली, उघडायला कंटाळा येतो, चार तुकडे केले.' कंटाळा?"

"भावोजी, मी फक्त या खोलीतलं त्या खोलीत ठेवलं. सामान हलवणारा हमाल चोर होतो का? अक्का, तू सांग ना."

"मागचं बघा," अक्का म्हणाली.

सरांनी मागचं बघितलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. आप्पांनी चहाचा घोट घेतला त्याचा आवाज झाला.

नाव सरांचं होतं.

"असं होणंच शक्य नाही," सर म्हणाले.

"तुम्ही जुन्या संगणकावरून सगळं नव्यावर आणलंत," मी सांगितलं. "तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटची न दिसणारी खूण बदलली. म्हणून सगळा प्रोग्रॅम तुमच्या नावावर गेला. तुम्हीही नुसता हातच लावलात."

"तेच म्हणतो मी. आणि कारणात ते लिहिलेलं असणार, बघ, मी लिहिलंय की..." त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि थांबले.

या वेळी शब्द भरायला टापटीपही धजावला. "बदल," त्याने वाचलं. "नुसतं 'बदल' लिहिलंय, सर. सॉरी."

"तेव्हा तो नियम नव्हता!"

"भिंतीवरचा कागद बारा वर्षांचा आहे," मी म्हटलं. माझ्याकडे तारीख आहे.

मेहुण्यांना खोकला आला, बराच वेळ आला.

सर आता रागावले होते, आणि रागावले की ते शिकवल्यासारखे बोलतात, स्पष्ट, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. "ठीक आहे. मुळाशीच जाऊ. हा प्रोग्रॅम मी एकट्याने लिहिलाय हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मूळ ओळही माझीच असेल, पण तिच्यामागे काही विचार असणार, आणि तो विचार मी तुम्हांला आता वाचून..."

त्यांनी कळ दाबली. एकवीस वर्षांपूर्वीचा एक सोमवार आला. नावाच्या जागी होतं, 'संगणक शिक्षिका'.

आणि सरांनी वाचलं. सुरू केलेलं वाक्य सोडायचं नाही ही शिक्षकाची खोड, ती नडली.

"'शुक्रवार, शेवटचा तास. पाचही वर्ग मैदानावर पाठवले. घंटा होईपर्यंत क्रीडाशिक्षकांना मैदान सोडता येऊ नये. का: गणिताचे सर मोकळे हवेत. मीही.'"

खाली आणखी नोंदी होत्या. सरांचा आवाज आपल्याच उतारावरून घसरत खाली गेला. "पुढचा शनिवार: 'काल तपासलं. नीट चालतं.' त्याच्या पुढचा शनिवार: 'पुन्हा तपासलं.' त्याच्या पुढचा: 'पुन्हा तपासलं.'"

बारा वर्षं मी टेस्टर आहे. इतक्या चिकाटीने तपासलेली ओळ माझ्या पाहण्यात नाही.

सर पडद्यासमोर उभे होते आणि त्यांच्या कपाळावर प्रोग्रॅमच्या ओळी पडल्या होत्या. हे सगळं त्यांनाही नवं होतं. कचेरीत कुणीही नवीन आलं की सर त्याला सांगतात, आमचं जुळलं ते निव्वळ योगायोगाने, दोघांचा एकच तास मोकळा निघाला, आकडेशास्त्रात असं हजारात एकदा घडतं. टापटीपलाही सांगितलं होतं, टक्केवारीसकट. मात्र सांगतात ते आप्पा बाहेर गेले असताना.

"तू लावला होतास?" सर म्हणाले. सरांचा आवाज नव्हताच तो. "तो तास? तू?"

"अहो, मग काय आपोआप लागला? रोज शाळा सुटली की फाटकाशी आप्पा उभे. घरापर्यंत माझ्याबरोबर, छत्री घेऊन, मोजून एक हात मागे. बोलायचं केव्हा?"

मग सगळ्यांना एकदमच आठवलं की आप्पा खोलीत आहेत.

आप्पांनी कप खाली ठेवला.

"पाच वर्ग," ते म्हणाले. "दर शुक्रवारी. पावसात व्हरांड्यात. मला वाटायचं, शाळेचा माझ्यावर विश्वास आहे." ते माझ्याकडे वळले, कारण मी लिहून घेणारी. "वर्षअखेरीला प्रशस्तिपत्र दिलं होतं मला. दोनशे मुलं एकट्याने सांभाळतो म्हणून. अजून भिंतीवर आहे. त्यावर सही कुणाची माहितीये? संयोजक म्हणून?"

"माझी," वहिनी म्हणाल्या.

"हिची."

मेहुणे टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले, ते वर आलेच नाहीत.

"आणि जावईबापू," आप्पा म्हणाले, "तुम्ही त्या तासात काय करत होता?"

"आप्पा, मी... म्हणजे आम्ही... गणित..."

"प्रोग्रॅम लिहीत होतो आप्पा," वहिनी म्हणाल्या. "संगणकाच्या खोलीत. हाच प्रोग्रॅम. त्या तासांतूनच हा धंदा उभा राहिला."

"दर शुक्रवारी प्रोग्रॅम?"

वहिनींनी चष्मा काढला, पुसला. "पहिल्या शुक्रवारी नाही."

मी इथे एक आकडा सांगून टाकला, कारण तो माझ्याकडे होता आणि वेळ मारून न्यायला आकड्यासारखं काही नाही. त्या पहिल्या वर्षात संगणक शिक्षिकेच्या नावावर चार हजार तीनशे ओळी होत्या. गणित शिक्षकाच्या नावावर सतरा. सतरांतल्या बारा कोऱ्या.

"मी कल्पना द्यायचो," सर म्हणाले.

"द्यायचे," वहिनी म्हणाल्या, आणि त्या असं म्हणाल्या की सर खाली बसले. सरांना बसलेलं मी बारा वर्षांत तिसऱ्यांदा पाहिलं.

आप्पा मात्र उठले होते. "मूळ मुद्दा राहिला. ज्याचं नाव निघेल त्याची खुर्ची उद्या रिकामी, असं ठरलं होतं. मीच शब्द भरला होता. तर आता कुणाची?"

सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी सरांकडे पाहिलं. आमच्या कचेरीची कागदपत्रं कुणाच्या नावावर आहेत हे मला माहीत आहे. त्या क्षणी सरांनाही आठवलं असावं.

"कुणाचीच नाही," सर म्हणाले. मग टापटीपकडे वळून, पण त्याच्या डोळ्यांत न बघता, "तुझी चूक नव्हती हे सोमवारीच का नाही सांगितलंस?"

"सांगायला गेलो, पण तोंडून सॉरी निघालं, सर."

"उद्या पक्क्याचं पत्र घेऊन जा. आणि ती ओळ तूच काढ. कारण नीट लिही."

ओळ काढायला टापटीपला दोन मिनिटं लागली. कारण लिहायला तास. शेवटी लिहिलं, 'शुक्रवारच्या शेवटच्या तासाचा नियम काढला. आता त्याची गरज उरलेली नाही.' आणि नेहमीप्रमाणे वहिनींकडे तपासायला पाठवलं.

पाच मिनिटांत परत आलं. खाली वहिनींचा शेरा: 'गरज उरली नाही हे तुम्हांला कुणी सांगितलं? माहीत असेल तेवढंच लिहा.'

टापटीपचे कान लाल. त्याने खोडलं आणि लिहिलं, 'एका वेळी एका क्रीडाशिक्षकाकडे एकच वर्ग.' मंजूर झालं. मुख्याध्यापिकांना लेखी उत्तर सरांनी स्वतः पाठवलं. 'जुन्या काळच्या एका शाळेच्या विशेष अडचणीसाठी केलेली सोय अनवधानाने राहून गेली होती.' एवढंच. वाक्य वहिनींनी सांगितलेलं, हे वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी टापटीप घरून कप घेऊन आला. आईने दिलेला, भला मोठा, पिवळा, हुकात न मावणारा. मेहुण्यांनी हूक वाकवून दिला आणि दुपारभर तो वाकडा हूक टापटीप सरळ करत बसला. आप्पांनी दिवसभर पेपर खाली ठेवला नाही. पण चारला सर कोट घेऊन बाहेर पडले, मागोमाग वहिनी निघाल्या, तेव्हा आप्पांनी खिशात हात घातला. मला वाटलं, आता वाजते. त्यांनी शिट्टी काढली, पाहिली आणि जावयाच्या कोटाच्या रिकाम्या खुंटीला अडकवली. "मी आहे इथे पाचपर्यंत," मला म्हणाले. "ही पोरं मी सांभाळतो."

असं सगळं सोमवारपर्यंत छान होतं.

सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी पहिला फोन आला. एका लहान शाळेचा. मग दुसरा. दुपारपर्यंत चौदा शाळा झाल्या, सगळ्या एक क्रीडाशिक्षकवाल्या. आवाज वेगवेगळे, तक्रार एक. शुक्रवारचा शेवटचा तास आम्हां सगळ्या शिक्षकांना मोकळा असायचा, तो कुठे गेला? वर्षानुवर्षं तुमचा प्रोग्रॅम आम्ही कशासाठी घेतो असं वाटलं तुम्हांला? एका शाळेत गाण्याच्या बाई रडल्या म्हणे. एवढ्या वर्षांत या ओळीची एकही तक्रार का आली नव्हती, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तक्रार करायची कुणी, तर शिक्षकांनी.

पंधराव्या फोननंतर सर चवड्यांवर उभे राहिले. खोलीभर नजर फिरवली आणि पाठ होतं ते तोंडातून निघूनच गेलं.

"कुणी काढली ती ओळ?"

मी वहीला विचारलं, नियमाप्रमाणे. वहीने नाव सांगितलं.

टापटीपने पिवळा कप हुकावरून काढला, दोन्ही हातांनी धरला आणि तोंड उघडलं. मी पेन उचललं होतं, 'सॉरी' लिहायला.

"तुम्हीच सांगितलंत, सर," टापटीप म्हणाला.

मी तारीख घातली.